माह्या नावानं नको सांगू

पत्नीच्या पदोन्नतीचा आदेश आला, सोबत रत्नागिरीची बदली, आणि तेव्हापासून मी कारणं देतो आहे. घरात देतो, बाहेर देतो, फोनवर मुलीला देतो. एका रात्री ती सगळी वहीत ओळीने लिहून काढली. वर्ध्याहून रत्नागिरी हजारेक किलोमीटर. तिथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. आमच्याकडे वर्षभरात पडतो तेवढा तिथे एकट्या जुलैत पडू शकतो. आईने ऐंशी ओलांडली आहे, तिचे गुडघे दुखतात, कोंदट हवेत तिची छाती भरून येते. घर बंद ठेवलं तर वाळवी लागेल. सेलूजवळचं शेत मक्त्याने दिलेलं आहे, त्याकडे कोण बघणार? आणि शेवटी, ते गाव लहान, अनोळखी, तुरुंगाचं.

लिहून झाल्यावर वाचलं. एकही कारण खोटं नव्हतं. तरी वाचताना मला स्वतःचीच शरम वाटली, कारण त्या यादीत आई होती, घर होतं, शेत होतं, पाऊस होता, फक्त मी नव्हतो. ज्याला जायचं नाही तो माणूसच त्यात कुठे सापडत नव्हता.

पत्नी सरकारी रुग्णालयात अधिपरिचारिका आहे. आता परिसेविका होईल. वॉर्डाची सिस्टर इन्चार्ज. निवृत्तीला थोडीच वर्षं उरली आहेत आणि ही पदोन्नती तिला फार आधी मिळायला हवी होती. का मिळाली नाही, ते पुढे सांगतो, कारण ते सांगितल्याशिवाय या लिखाणाला काही अर्थ नाही. मी कनिष्ठ महाविद्यालयात इतिहास शिकवला, निवृत्त झालो. पेन्शन कुठल्याही गावी मिळते. म्हणजे मला अडवणारं असं काही नाही. पदोन्नती लेखी नाकारता येते. तो कागद कसा लिहायचा हेही मी तिला न विचारता चौकशी करून ठेवलं होतं. इतकी घाई मला का झाली होती?

माझं पहिलं हत्यार इतिहास होतं. मी तिला सांगितलं की इंग्रजांनी माणसं दूर ठेवायला निवडलेलं गाव आहे ते. ब्रह्मदेशचा राजा थिबा 1885 मध्ये पदच्युत झाला. त्याला मंडालेहून आधी मद्रासला आणि मग 1886 मध्ये रत्नागिरीला आणून ठेवलं. पुढे समुद्र, मागे सह्याद्री, पावसाळ्यात वाटा बंद. राजाला त्याच्या माणसांपासून तोडायला याहून चांगली जागा कुठली? 1910 मध्ये त्याच्यासाठी तो मोठा वाडा बांधला आणि 1916 मध्ये तो तिथेच वारला. त्याचं थडगंही रत्नागिरीतच आहे. मग सावरकर. अंदमानातून 1921 मध्ये परत आणल्यावर काही काळ रत्नागिरीच्या तुरुंगात, आणि 1924 मध्ये येरवड्यातून सुटका झाली तीही रत्नागिरी जिल्हा सोडायचा नाही आणि राजकारण करायचं नाही या अटीवर. ती अट 1937 पर्यंत टिकली. आणि यावर कळस म्हणून मी वर्गात हमखास सांगायचो ती गोष्ट: मंडालेचा राजा टिळकांच्या जन्मगावी कैदेत असताना रत्नागिरीत जन्मलेले टिळक 1908 ते 1914 मंडालेच्या कैदेत होते.

हे सगळं मी रात्री जेवणानंतर, शिकवण्याच्या जुन्या सवयीने, रंगवून सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, ‘‘अहो, पण तेव्हा तिथे बाकीची माणसं राहत नव्हती का?’’

मला उत्तर देता आलं नाही. राहत होती. त्या राजवाड्याला चिरे घडवणारे, राजाच्या घरी मासळी आणि भाजी पोचवणारे, मिरकरवाड्यातून होड्या नेणारे, सगळे राहत होते आणि आजही राहतात. त्यांच्यासाठी ते शिक्षेचं ठिकाण नव्हतं, घर होतं. एखाद्या गावाची ओळख तिथे कोणाला डांबलं यावरून करायची आणि तिथे कोण जगलं हे सोडून द्यायचं, हा इतिहास नव्हे. मी आयुष्यभर मुलांना सांगितलं की पुरावे निवडून घेऊ नका, आधी सगळे समोर मांडा. मी स्वतः काय केलं? 1931 मध्ये रत्नागिरीत भागोजीशेठ कीरांच्या पैशातून पतितपावन मंदिर उभं राहिलं आणि सर्व जातींना त्याचं दार उघडलं, हे मी तिला सांगितलं नाही. आमच्या वर्ध्याचं लक्ष्मीनारायण मंदिर जमनालाल बजाजांनी 1928 मध्ये अस्पृश्यांना खुलं केलं होतं, त्याचा अभिमान मी मिरवतो; मग तीनच वर्षांनंतर त्याच वाटेने गेलेलं ते गाव मला इतकं परकं का वाटावं? 1927 मध्ये गांधीजी रत्नागिरीला गेले होते, सावरकरांना त्यांच्या घरी भेटले होते, हेही मला ठाऊक होतं. जे मला नको होतं तेवढं मी बाजूला ठेवलं. वर्गात एखाद्या मुलाने असं उत्तर लिहिलं असतं तर मी त्याचे गुण कापले असते.

मग तुरुंगाचं बघू. ‘तुरुंगाचं गाव’ हे शब्द मी नातेवाइकांशी बोलताना पुनःपुन्हा वापरले. रत्नागिरीचं विशेष कारागृह भर गावात आहे. जेल नाका हे तिथल्या रोजच्या बोलण्यातलं नाव आहे. पण कारागृह वर्ध्यातही आहे. जिल्हा कारागृहाच्या भिंतीजवळून मी कित्येक वर्षं सायकलने, मग स्कूटरने गेलो. वर्ध्याला मी कधी तुरुंगाचं गाव म्हटलं नाही. आपल्या गावातली ती भिंत दिसेनाशी होते आणि दुसऱ्याच्या गावातली तेवढी डोळ्यात भरते, असं का होतं?

याच्या मागे आणखी एक गोष्ट आहे आणि ती मला जास्त टोचते. तुरुंगाबद्दल माझ्या मनात आदर आहे असं मी समजत होतो. वर्ध्यात वाढलेल्या माणसाला तो असतोच. पवनारहून निघालेले विनोबा 1940 च्या वैयक्तिक सत्याग्रहाचे पहिले सत्याग्रही. 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. आमच्या भागात कित्येक घरांत आजोबांच्या तुरुंगवासाची गोष्ट देवघरातल्या वस्तूसारखी जपलेली असते. मी तो आदर शिकलो, शिकवला, त्यावर व्याख्यानं दिली. मग रत्नागिरीच्या तुरुंगाचं नाव काढताना माझं नाक का मुरडलं गेलं? उत्तर सरळ आहे. माझा आदर तुरुंगाबद्दल नव्हता, तिथे गेलेल्या मोठ्या माणसांबद्दल होता. आज जो आत आहे, ज्याचं नाव कोणी ऐकलेलं नाही, त्याला त्यातला कणभरही मिळत नव्हता. देशातल्या तुरुंगांत चारपैकी तीन जण कच्चे कैदी आहेत. त्यांचा गुन्हा अजून सिद्ध व्हायचा आहे. हा आकडा मी भाषणात वापरला होता. तो माझ्या अंगाला कुठे लागला नव्हता.

तो लागला रत्नागिरीत. जागा बघून येऊ, मग ठरवू, असं तीच म्हणाली आणि आम्ही ऐन पावसात गेलो. भाट्याच्या किनाऱ्यावर उभं राहवेना इतका वारा. कौलांवरून पागोळ्या धो धो गळत होत्या, जांभ्याच्या भिंतींवर हिरवं शेवाळ, लॉजमधली चादर हाताला ओलसर. मी मनातल्या मनात प्रत्येक गोष्ट माझ्या यादीत जमा करत होतो. ती मात्र रुग्णालय बघून आली, तिथल्या सिस्टरांशी बोलून आली, आणि कोकणात पावसाळ्याआधी आगोटीला घरात काय काय भरून ठेवतात ते विचारून आली. तिच्या वहीत आणि माझ्या वहीत एकाच गावाबद्दल किती वेगळं लिहिलं जात होतं!

सकाळी आम्ही कारागृहाजवळून चाललो होतो. बाहेर मुलाखतीला आलेले नातेवाईक उभे होते. बहुतेक बायका. हातात पिशव्या, छत्रीत दोघी दोघी. त्यातल्या एकीने, बहुधा लांबून एसटीने आली असावी, मला विचारलं, ‘‘दादा, मुलाखतीसाठी नाव कुठं लिहायचं? तुमचं झालं का?’’ मी चटकन म्हणालो, ‘‘नाही नाही, आम्ही तसे नाही.’’

आम्ही तसे नाही. कसे? तिने माझ्यावर कसला आरोप केला होता? तिला वाटलं की माझंही कोणी आत असेल, आणि म्हणून मला वाट ठाऊक असेल. एवढंच. आणि मी तिच्यापासून एक पाऊल मागे सरलो, अक्षरशः मागे सरलो. पत्नीने पुढे होऊन पहाऱ्यावरच्या शिपायाला विचारलं आणि त्या बाईला खिडकी दाखवली. परत आल्यावर ती मला काही बोलली नाही. रुग्णालयांत कैदी उपचाराला येतात, बेडीसह येतात, बाहेर पोलीस बसलेला असतो. तिने असे किती रुग्ण हाताळले असतील, मी कधी विचारलं नव्हतं. तिच्या दृष्टीने ते ताप असलेले किंवा टाके घातलेले लोक असतात. त्या सकाळी माझ्या तोंडून निघालेलं ते वाक्य मी अजून विसरू शकत नाही, आणि विसरू नये असंच मला वाटतं.

वर्ध्याला परतल्यावर उरली आई. आईचं कारण सगळ्यात भक्कम होतं, त्याला कोणी हात लावू शकत नव्हतं. शेजारचे आले, बदलीचं विचारलं, आणि मी आईसमोरच म्हणालो, ‘‘हिच्यामुळे अडलंय. हिला तो पाऊस सोसायचा नाही.’’ आई तूर निवडत बसली होती. तिने सूप खाली ठेवलं. ‘‘मले कायचं भेव पावसाचं? माहा सारा जलम पाण्याची वाट पाह्यण्यात गेला. तुले जायाचं नसन तं तसं सांग बापा. माह्या नावानं नको सांगू.’’

शेजारी चहा न पिताच उठले असते तर बरं झालं असतं. पण ते बसले आणि मला त्यांच्यासमोर बसावं लागलं.

आई कोरडवाहू शेतकऱ्याची मुलगी आणि कोरडवाहू शेतकऱ्याची बायको. मृग कोरडा गेला म्हणजे काय होतं, दुबार पेरणी म्हणजे काय, हे तिच्या अंगावरून गेलं आहे. झडी लागली की कपाशी पिवळी पडते तेही तिने पाहिलं आहे. तिला पावसाची भीती घालणारा मी कोण? आणि तिला विचारलं कोणी होतं? तिचं वय, तिचे गुडघे, तिची छाती, सगळं मी माझ्या बाजूने साक्षीला उभं केलं, आणि साक्षीदाराला काय म्हणायचं आहे ते ऐकलंच नाही.

तिच्या त्या एका वाक्यानंतर माझ्याकडे लपायला जागा राहिली नाही. मग मी स्वतःला विचारलं, खरं काय आहे? खरं हे की वर्ध्यात मी कोणीतरी आहे. बजाज चौकात उभा राहिलो तर दोन जण तरी ‘सर’ म्हणून थांबतात. 2 ऑक्टोबरला, 30 जानेवारीला मला बोलावणी येतात. बाहेरगावचे पाहुणे आले की सेवाग्राम दाखवायला मला सोबत नेतात. गोरस भांडारात गोरसपाक घ्यायला गेलो तरी कोणी जुना विद्यार्थी भेटतो. रत्नागिरीत मी कोण असणार? ‘सिस्टरचे मिस्टर.’ ती सकाळी ड्युटीवर जाईल, कधी रात्रपाळीला, आणि मी घरात असेन, कुकर लावणारा, बाहेर वाळत घालता न येणारे कपडे घरभर दोऱ्यांवर टाकणारा. हे लिहिताना हात थांबतो. मला पावसाची भीती नव्हती, तुरुंगाचीही नव्हती. बायकोच्या मागे गेलेला माणूस म्हणून ओळखलं जाण्याची होती. वर्ध्यावर माझं प्रेम आहे असं मी म्हणत आलो. असेलही. पण वर्धा मला जो मान देतं त्यावर माझं किती प्रेम आहे आणि वर्ध्यावर किती, हे मला आता वेगळं काढता येत नाही.

आणि ती? ती माझ्या मागे किती वेळा आली! मला आर्वीला नोकरी लागली तेव्हा ती चांगल्या मोठ्या रुग्णालयात होती. तिने विनंती बदली घेतली, लहान ठिकाणी आली, सेवाज्येष्ठतेत मागे गेली. मग माझी बदली हिंगणघाटला, पुन्हा तेच. मग आईवडिलांकडे बघायला वर्ध्याला, पुन्हा तेच. तिच्याबरोबरच्या सिस्टर केव्हाच इन्चार्ज झाल्या. त्या वेळी आमच्या घरात या गोष्टीवर बसून चर्चा झाल्याचं मला आठवत नाही. मला एक वाक्य मात्र आठवतं, माझंच: ‘‘तुला नको असेल तर मी एकटा जातो.’’ मला ते तेव्हा फार उदार वाटलं होतं.

हे वाक्य आठवलं आणि मी सेवाग्रामच्या गोष्टीकडे नव्याने बघायला लागलो. ती गोष्ट मी शेकडो लोकांना सांगितली आहे. 1930 मध्ये साबरमती सोडलेले गांधीजी जमनालालजींच्या आग्रहाने वर्ध्याला आले, आधी मगनवाडीत राहिले. मीराबेन आधीच शेगावात, म्हणजे पुढच्या सेवाग्रामात, जाऊन राहिल्या होत्या. 30 एप्रिल 1936 ला गांधीजी त्या खेड्यात गेले. रस्ता नाही, एप्रिलचं ऊन, पुढे पावसाळ्यात चिखल आणि मलेरिया. त्याच वर्षी गांधीजींना स्वतःलाच मलेरियाने गाठलं. माझं व्याख्यान इथे चढायचं. जाण्याआधी त्यांनी लिहून ठेवलं होतं की बांची, कस्तुरबांची, इच्छा असेल तर त्या सोबत येतील, नसेल तर आपण एकटे राहू. मी हेही सांगायचो, त्यांच्या मोठेपणाचा दाखला म्हणून. त्यात बांना काय वाटलं असेल, हा प्रश्न मला एकदाही पडला नाही. सुरुवातीला सगळे एकाच मोठ्या खोलीत, आदि निवासात. इतक्या पुरुषमाणसांत बांना आडोसा नव्हता. जमनालालजींनी पुढे त्यांच्यासाठी वेगळी झोपडी बांधून दिली, तीच आजची बा कुटी. पाहुण्यांना मी बापू कुटीत बराच वेळ थांबवतो आणि बा कुटी जाता जाता दाखवतो. का?

इथे मला सावध राहायला हवं, नाहीतर माझा अपराधभाव मी बांच्या अंगावर घालीन. बा नुसत्या मागे चालणाऱ्या नव्हत्या. 1913 मध्ये दक्षिण आफ्रिकेत त्या स्वतः तुरुंगात गेल्या. 1942 मध्ये गांधीजींना पकडल्यावर मुंबईत त्यांच्या जागी सभेत बोलायला निघाल्या आणि पकडल्या गेल्या. 1944 मध्ये आगाखान पॅलेसमध्ये, कैदेतच गेल्या. हिंगणघाटला जन्मलेल्या बाबा आमट्यांबरोबर साधनाताई आनंदवनाच्या माळावर गेल्या, त्या काही ओढून नेल्यासारख्या नव्हत्या. त्यांनी ‘समिधा’मध्ये आपली गोष्ट आपल्या तोंडाने सांगितली आहे. म्हणजे या बायका बोलत नव्हत्या असं नाही. मी ऐकत नव्हतो. माझ्या कपाटात ‘समिधा’ आहे. बाबांवर बोलायचं असलं की त्यातून प्रसंग शोधायला मी ते काढतो. साधनाताईंसाठी म्हणून मी ते कधी वाचलं का?

मग रत्नागिरीचा राजाही वेगळा दिसायला लागला. थिबाबरोबर सुपायालत राणी आली होती, लहान मुलींना घेऊन, पोटुशी असताना. तिसरी मुलगी मद्रासला झाली, चौथी रत्नागिरीत. राजा मेल्यानंतर 1919 मध्ये ती ब्रह्मदेशात परतली. थोरली राजकन्या मात्र रत्नागिरीला परत आली. तिने तिथल्याच एका मराठी माणसाशी नातं जोडलं होतं, ती तिथेच राहिली, 1947 मध्ये तिथेच वारली. ज्या गावाला मी हद्दपारीचं गाव म्हणून पत्नीसमोर उभं करत होतो, तिथे एक राजकन्या आपण होऊन परत आली होती. सावरकरांची पत्नी माई रत्नागिरीत येऊन राहिल्या, त्या काळात मुलं झाली, संसार झाला. त्या स्थानबद्ध नव्हत्या. त्यांना जिल्ह्याबाहेर जायला बंदी नव्हती. त्या का राहिल्या, कशा राहिल्या, पहिल्या पावसाळ्यात त्यांनी काय केलं, हे मला ठाऊक नाही, आणि सावरकरांच्या अटी मला तारखांसकट पाठ आहेत.

एवढं सगळं मनात घोळत असताना मी तिला एक साधा प्रश्न विचारला नव्हता. आदेश येऊन बराच काळ झाला होता. शेवटी एका संध्याकाळी विचारला: ‘‘तुला जायचंय का?’’

ती लगेच बोलली नाही. मग म्हणाली, ‘‘हो. मला एकदा तरी वॉर्ड माझ्या पद्धतीने चालवून बघायचाय.’’ आणि थोड्या वेळाने, ‘‘तुम्हाला नको असेल तर मी एकटी जाते.’’

माझंच वाक्य. तिने ते टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं, मी तिचा चेहरा नीट पाहिला. तिने ते मनापासून, माझी सोय म्हणून म्हटलं होतं. आणि तरी माझ्या पोटात काहीतरी तुटलं. म्हणजे माझी गरज नाही? म्हणजे माझ्याविना चालेल? हे ऐकताना इतकं लागतं, तर आर्वीच्या वेळी, हिंगणघाटच्या वेळी तिने हेच ऐकलं तेव्हा काय झालं असेल? मी ते पर्याय म्हणून दिलं होतं. पण ज्याला नाही म्हणता येत नाही त्याला दिलेला तो पर्याय होता. मूल लहान होतं, सासूसासरे होते, लोक होते. आज मला नाही म्हणता येतं. मी नाही म्हटलं तर वर्ध्यात कोणी मला नाव ठेवणार नाही. उलट म्हणतील, बरं केलं सर, आईंना कुठे नेता त्या पावसात. तिचं आणि माझं वाक्य सारखं असलं तरी त्याचं वजन सारखं नाही.

म्हणून मी येतो म्हणालो. आणि इथेच हे लिखाण थांबवता आलं असतं, पण मग ते खरं राहिलं नसतं.

कारण येतो म्हटल्यावर मला फार बरं वाटलं, आणि त्या बरं वाटण्याकडे मी जरा निरखून पाहिलं. माझ्या मनात एक व्याख्यान तयार व्हायला लागलं होतं. पत्नीसाठी वर्धा सोडणारा निवृत्त शिक्षक. गांधींच्या गावातून निघून कोकणातल्या तुरुंगाजवळ जाऊन राहणारा. कदाचित तिथे कैद्यांना शिकवीन. मुक्त विद्यापीठाच्या परीक्षा तुरुंगातून देतात, त्यांना इतिहासाला मदत करीन. लोक म्हणतील, सरांनी या वयात काय केलं बघा. तिने आयुष्यात तीनदा जे केलं आणि ज्याची कोणी दखल घेतली नाही, ते मी एकदा करायचं ठरवलं तर मला ते त्याग म्हणून मोजलं जायला हवं होतं. तिच्या पदोन्नतीच्या गोष्टीत मुख्य माणूस पुन्हा मीच.

मी हे तिला सांगितलं. सांगणं अवघड गेलं. ती म्हणाली, ‘‘उपकार म्हणून येणार असाल तर येऊ नका. तिथे रोज संध्याकाळी मला तुमचं तोंड बघून वाटायला नको की माझ्यामुळे यांचं काहीतरी गेलं.’’ मी म्हणालो, तसं होणार नाही. लगेच वाटलं, हे मी कशाच्या भरवशावर सांगतोय? जुलैत जेव्हा सलग आठवडाभर ऊन दिसणार नाही, मिठाच्या बरणीत पाणी सुटेल, पुस्तकांना बुरशी येईल आणि ‘सर’ म्हणणारं कोणी दारात येणार नाही, तेव्हा माझं तोंड कसं दिसेल हे मला आज माहीत नाही. गेल्यावर आपोआप मोठं मन होईल यावर माझा विश्वास नाही. इतकंच ठरवलं आहे की तिथल्या गैरसोयीचा हिशेब तिच्या नावावर मांडायचा नाही. आणि कैद्यांना शिकवण्याचं निदान पहिलं वर्षभर कुठे बोलायचं नाही. आधी कुकर, कपडे, बाजार. आधी त्या भिंतीजवळून जाताना कोणी काही विचारलं तर थांबायला शिकायचं.

घराचं बघताना पुन्हा एकदा मनाची ओढ कुठे जाते ते दिसलं. मला समुद्राकडचं घर हवं होतं, भाट्याच्या बाजूचं. जाऊन राहायचंच तर निदान तेवढं तरी. तिला रुग्णालयाजवळचं हवं होतं, रात्रपाळीहून चालत येता येईल असं. मी तीनदा समुद्राचा विषय काढला. मग लक्षात आलं की पाऊस, तुरुंग, आई यांच्यानंतर आता मी समुद्र पुढे करतो आहे. रुग्णालयाजवळचंच घर बघायला सांगितलं आहे.

तिने स्वीकृतीचं पत्र दिलं आहे. शेत मक्त्यानेच राहील, घरात भाचा राहायला येईल, नागपूरला शिकतो तो, रोज गाडीने ये-जा करील. रुजू व्हायची तारीख पावसाळ्यातच येते. आईने त्या वेळी आमच्याबरोबर यायचं की दिवाळीनंतर, एवढं ठरायचं बाकी आहे, आणि ते तिलाच विचारलं आहे. तिने सांगितलं, विचार करून सांगते.